मागचे ब्रेक, स्वतःच्या हाताने

गाडीचे मागचे ब्रेक मी स्वतः बदलणार, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा घरात तीन माणसं होती, आणि तिघांपैकी एकाचाही माझ्यावर विश्वास नव्हता. तिघांत मी धरलेला आहे.

"कुठल्या गाडीचे?" मीनलने विचारलं.

"आपल्याला एकच गाडी आहे."

"म्हणजे ज्या गाडीत मी बसते, ती?"

मीनल माझी बायको. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मोडलेली माणसं पुन्हा चालती करणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे माणसं कशी मोडतात याची तिला कल्पना करावी लागत नाही. आमची मुलगी तनू कार्डिफला युनिव्हर्सिटीत आहे. दुसरं वर्ष सुरू होणार होतं आणि येत्या रविवारी तिला सामानासकट तिथे पोचवायचं होतं. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, यू वर्क इन पेन्शन्स."

यात खोटं काही नव्हतं. कॉव्हेंट्रीपासून पंधरा मिनिटांवर एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून राहायचं आहे. तिथून मी रोज एका पेन्शन कंपनीच्या ऑफिसात जातो आणि माणसं साधारण किती वर्षं जगतील याचे तक्ते करतो. पंचवीस वर्षांत माझ्या हाताला प्रिंटरच्या शाईपलीकडे काही लागलेलं नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला अधूनमधून असं वाटतं, की आपल्या आत एक कारागीर आहे आणि जगाने त्याला संधी दिली नाही. हा विचार बहुतेकांना रविवारी जेवणानंतर येतो आणि झोप झाली की जातो. माझा गेला नाही.

निमित्त एमओटीचं. गाडीची ही वार्षिक तपासणी झाली, गाडी पास झाली, पण कागदाच्या खाली शेरा होता: मागच्या डिस्क गंजल्या आणि झिजल्या आहेत, पॅड संपत आले आहेत, लवकर बदला. शोरूमने बदलायचा जो आकडा सांगितला तो मी मीनलला आजतागायत सांगितलेला नाही. मग मी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एका आनंदी कॅनेडियन माणसाने हेच काम बारा मिनिटांत केलं, आणि त्यातली दोन मिनिटं तो आपल्या कुत्र्याची ओळख करून देत होता. म्हणजे कुत्रा नसेल तर दहा.

आता गाडीबद्दल. काळी, भली मोठी, चामड्याच्या सीटांची, अडीच टनांची एसयूव्ही. सेकंडहँड आहे, पण हे बघून कळत नाही आणि मी सांगत नाही. डिकीखाली पाय हलवला की डिकी आपोआप उघडते. पुण्याहून पाहुणे आले की मी बर्मिंगहॅमच्या एअरपोर्टवर त्यांच्यासमोर दोनतीनदा पाय हलवतो. तिच्या ब्रेकची रचना मात्र मला त्या व्हिडिओत पहिल्यांदाच कळली आणि मी थक्क झालो. प्रत्येक चाकामागे लोखंडाची एक जाड थाळी चाकाबरोबर फिरत असते. ती डिस्क. तिच्यावर एक पंजा बसवलेला असतो, तो कॅलिपर. आपण पाय दाबला की पंजातले दोन पॅड दोन्ही बाजूंनी थाळीला चिमटीत धरतात. झालं. पॅड म्हणजे काय, तर साधारण पुरणपोळीच्या चतकोराएवढा तुकडा. सत्तर मैलांच्या वेगाने जाणारे अडीच टन, त्यात मी, माझी बायको, माझी मुलगी, एवढं सगळं त्या चतकोरांच्या भरवशावर. सात वर्षं मी त्या पेडलवर पाय ठेवत होतो आणि एकदाही मनात आलं नव्हतं की खाली कोणीतरी धरतंय.

गुरुवार-शुक्रवार रजा टाकली. गुरुवार गेला किल्ली शोधण्यात. आमच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला एक चोर-नट असतो, म्हणजे चोराला न उघडणारा. त्याला एका खास नक्षीची किल्ली लागते. ती डिकीत असायला हवी होती. डिकीत नव्हती, गॅरेजने परत दिली नव्हती असं मी गॅरेजला फोन करून जरा आवाज चढवून सांगितलं, त्यांनी शांतपणे किल्ली परत मिळाल्याचा माझ्याच सहीचा कागद पाठवला. स्लाऊला माझा मित्र समर असतो, कंप्युटरवाला. त्याने फोनवर सल्ला दिला की नवी किल्ली ऑनलाइन मागव, तीन आठवड्यांत येईल. संध्याकाळी मी हताश होऊन चहाबरोबर मीनलच्या नानकटाया खात बसलो होतो. खाताखाता नानकटाईकडे लक्ष गेलं. तिच्यावर फुलासारखी सुरेख नक्षी होती.

"मीनल, हे फूल कशाने काढतेस?"

"ते ना? ड्रॉवरमध्ये एक लोखंडी साचा मिळाला. मला वाटलं तनूच्या लहानपणच्या क्लेच्या खेळातला असेल."

गेली दोन वर्षं मिडलंड्समधला समस्त मराठी समाज आमच्याकडे दिवाळीला चोर-नटाचा ठसा खात होता.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी उजवं मागचं चाक काढलं. आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून, अंगणं नाहीत, गाड्या रस्त्यावर. त्यामुळे उजव्या चाकाशी बसलं की माणूस रस्त्यातच बसलेला असतो. समोरचा ट्रेव्हर चहाचा मग घेऊन आला. निवृत्त भूगोल-शिक्षक आहे. त्याने पाच मिनिटं निरीक्षण केलं आणि मान हलवली.

"असं नसतं करायचं, उदय."

"मग कसं करायचं?"

"ते मला माहीत नाही. पण असं नाही."

हे बोलून तो तिथेच उभा राहिला, कारण त्याला पुढे काय होतंय ते चुकवायचं नव्हतं. पुढे बिन लॉरी आली. शुक्रवार कचऱ्याचा दिवस, हे मी विसरलो होतो. ट्रेव्हर विसरला नव्हता, त्याने सांगितलं नव्हतं. एका बाजूला ट्रेव्हरची गाडी, दुसऱ्या बाजूला माझी, मध्ये जॅक, हत्यारं आणि मी. लॉरी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"मेट, गाडी जरा पुढे घेतोस का?"

"तिला चाक नाहीये."

त्याने चाकाकडे पाहिलं. ते माझ्या मांडीवर होतं. मग त्याने सबंध गल्ली उलटी, पी-पी-पी करत पार केली. त्या आवाजाने दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचे पडदे हलले. बेचाळीस घरांचे कचऱ्याचे डबे भरलेलेच राहिले. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी माझं नाव घेतलं नाही. इंग्रज लोक असं करत नाहीत. फक्त एकीने लिहिलं, "आजचा कचरा गेला नाही हे कोणाला माहीत आहे का?" आणि त्याखाली एकतीस अंगठे आले.

साडेअकराला कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पिवळ्या जॅकेटातली एक बाई आली. मी गाडीखाली होतो. मला फक्त तिचे बूट दिसत होते.

"ही गाडी बेवारस असल्याची ऑनलाइन तक्रार आहे," बूट म्हणाले.

"मी हिच्याखाली आहे," मी म्हणालो.

बूट थोडे मागे सरले. मी बाहेर आलो. बाई समजूतदार होती, पण तिच्या हातात टॅब्लेट होता. "फॉर्मवर विचारलंय, गाडीत कोणी आहे का. 'हो' किंवा 'नाही'. गाडीखाली असा पर्याय नाही."

"मी क्षणभर आत जाऊन बसू का?"

"जॅकवर असताना आत बसणं असुरक्षित आहे," ती म्हणाली, आणि ते बरोबर होतं. शेवटी तिने 'इतर' या चौकोनात पुष्कळ काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की सोमवारी सकाळी ती पुन्हा येईल, तेव्हा गाडीला चार चाकं असलेली बरी. मी म्हणालो, रविवारी ही गाडी कार्डिफला जायची आहे. तिने चाकाच्या जागी असलेल्या भोकाकडे बघितलं आणि अतिशय दयाळूपणे म्हणाली, "ट्रेनही छान जातात."

प्रतिष्ठेचं इतपत झाल्यावर मी डिस्ककडे वळलो. व्हिडिओत ती हाताने उचलली की निघते. माझी सात हिवाळ्यांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि पाणी पिऊन मागच्या लोखंडाशी एकजीव झाली होती. मी हातोडी घेतली, मारली. पुन्हा मारली. पाचव्यांदा अंगठ्यावर मारली आणि "आई गं!" असा सबंध गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

"अहो, लोखंड ठोकताय की वेलची कुटताय?"

मराठीत. मी चमकून वर बघितलं. शेजारच्या घराच्या दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. या बाई तीन वर्षांपूर्वी लंडनहून मुलीकडे राहायला आल्या होत्या. त्यांची मुलगी लिओरा, तिची मुलं, सगळी इंग्रजी बोलणारी. मी त्यांना इराणी समजत होतो. तीन वर्षं रोज सकाळी मी "मॉर्निंग" म्हणायचो, त्या "मॉर्निंग" म्हणायच्या, आणि आम्ही दोघं आपापल्या मराठीसकट आपापल्या घरात जायचो.

"तुम्ही मराठी?"

"मी जेमिमा किहीमकर. भायखळ्याची. आम्ही बेने इस्रायल, मराठी ज्यू." त्या काठी टेकत फुटपाथवरून खाली आल्या. "मीनलबाई कपडे वाळत घालताना गुणगुणतात ते मी रोज ऐकते. वाटायचं, आपण होऊन काय बोलायचं. आता तुमच्या अंगठ्याने ओळख करून दिली. ते आधी बांधा."

"अंगठा? ठीक आहे तो."

"अंगठा नव्हे. कॅलिपर. नळीवर लोंबतोय. नळी आतून चिरली तर वरून दिसायची नाही, आणि कळेल तेव्हा तुम्ही उतारावर असाल."

मी बघितलं. पंजा खरोखरच रबरी नळीवर लटकत होता. व्हिडिओतल्या माणसाने तो तारेने बांधला होता, ते मला तेव्हा शोभेसाठी वाटलं होतं. मी मीनलच्या कपाटातला एक तारेचा हँगर आणून तो टांगला. जेमिमाबाईंसाठी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. त्या रस्त्यात खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा ट्रेव्हरने पहिल्यांदा मग खाली ठेवला.

त्यांनी पुढे वाकून डिस्कच्या गंजक्या गाभ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. कान लावला. थोडं सरकून पुन्हा टकटक. मी असा डॉक्टर फक्त लहानपणी पाहिला होता.

"इथे," त्या म्हणाल्या. "एकदाच. पण मनापासून."

मी मारलं. ठण्ण असा एक आवाज झाला, गंजाचा लाल धूर उडाला आणि थाळी सुटून हातात आली. गेला पाऊण तास मी तिच्याशी झगडत होतो. मी जेमिमाबाईंकडे बघतच राहिलो.

"सव्वीस वर्षं ब्रेकच्या कारखान्यात होते," त्या म्हणाल्या, जणू कोणी बँकेत होते म्हणावं. "इथेच, कॉव्हेंट्रीच्या बाजूला. गर्शोन, माझे मिस्टर, त्यांना आधी नोकरी लागली. मग मला. पहिल्यांदा पॅकिंगला. मग तपासणीला. शेवटची पंधरा वर्षं टेस्टच्या खोलीत. मग दोघं लंडनला गेलो, आमची माणसं तिथे आहेत म्हणून. आता कारखानाही नाही, गर्शोनही नाहीत."

जुन्या डिस्कवरून त्यांनी अंगठ्याचं नख कडेपासून मधोमध अगदी सावकाश फिरवलं. डोळे मिटलेले.

"तुम्ही चालवता का ही?"

"हो."

"सारखा पाय ब्रेकवर. जोरात कधीच नाही, पण सारखा. म्हणून झीजही आहे आणि गंजही आहे. एकदा काय ते ठणकावून बोलत नाही माणूस, दिवसभर बारीक कुरकुरतो, तसं."

मागे दारात मीनल उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. "उदय," ती हलक्या आवाजात म्हणाली, "या बाई कोण आहेत? यांना जेवायला थांबवून घे."

जेमिमामावशी — जेवणानंतर त्या मावशी झाल्या आणि मी 'तू' झालो — एकाच जागी अडल्या. आमच्या गाडीला हँडब्रेकचा दांडा नाही, बटण आहे. पंजाच्या आत एक छोटी मोटर बसून ते काम करते. नवा जाड पॅड बसायला आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो, आणि तो मोटरने धरून ठेवला होता. मी क्लॅम्प लावून पिळलं. दट्ट्या हलला नाही, क्लॅम्प वाकला.

"माझ्या वेळी हे नव्हतं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही कमीपणा नव्हता, उलट चेहऱ्यावर कुतूहल होतं. "पुस्तक आहे का गाडीचं?"

चारशे पानांचं होतं. सात वर्षांत कव्हर उघडलेलं नव्हतं. त्यांनी भिंग मागवलं आणि शहात्तर वर्षांची ती बाई रस्त्यात खुर्चीवर बसून, गुडघ्यावर जाडजूड पुस्तक ठेवून, ओळीवर बोट फिरवत तासभर वाचत राहिली. मी तेवढ्यात समरला फोन केला. तो म्हणाला, गाडीच्या कंप्युटरला हॅक करावं लागेल.

"हॅक नको," मावशी म्हणाल्या. "तिला फक्त सांगायला हवं, की आम्ही काम करतोय, सोड. चावी लाव. इंजिन सुरू करू नको. ॲक्सिलरेटर दाबून धर, आणि बटण मी सांगेपर्यंत दाबून ठेव."

गाडी स्टँडवर भक्कम बसलीय याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, मगच मला आत हात घालू दिला. मी सांगितल्यासारखं केलं. मागून एक बारीक घुर्रर्र असा आवाज आला, मांजराने कूस बदलावी तसा. मावशींनी दट्ट्याला अंगठा लावला. तो आत गेला. अंगठ्याने!

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या पोरीसारख्या हसत होत्या. "हुशार आहे गं बाई," त्या म्हणाल्या. गाडीला.

मग काम सरळ झालं. लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचा, मी घासला, त्यांनी बोट फिरवलं, "अजून." पुन्हा घासला, "अजून." नवी डिस्क चढवली. पॅड बसवले. नट किती घट्ट हे दाखवणारा पाना असतो, त्याने टक्क आवाज होईपर्यंत पिळले. चाक चढलं तेव्हा सहा वाजून गेले होते. मावशींनी आकाशाकडे बघितलं आणि काठी घेतली.

"निघते. सूर्य उतरला."

"आणि डावं चाक?"

"बघितलंस ना आता? तसंच."

"उद्या सकाळी याल?"

"उद्या शब्बाथ. उद्या मी काम करत नाही, आणि कुणाकडून करवूनही घेत नाही. रविवारी उजाडता भेट."

शनिवारी पाऊस भुरभुरत होता. डावं चाक फुटपाथच्या बाजूला, म्हणजे निदान बिन लॉरीची भीती नव्हती. मीनल छत्री धरून उभी राहिली. छत्री ब्रेकवर होती, माझ्यावर नव्हती. शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, नजर पुस्तकात. मी एकदा हात केला. त्यांनी बघितलं नाही.

मी पंजा काढून तारेवर टांगला, डिस्कवर टकटक केली, कान लावला. मला सगळीकडे सारखंच ऐकू आलं. एक जागा निवडून मनापासून मारलं. तिसऱ्या जागी डिस्क सुटली. दट्ट्या अंगठ्याने आत ढकलला. गंज घासला, बोट फिरवलं, स्वतःलाच "अजून" म्हटलं. नवी डिस्क चढवली. मग पॅड घेतले, आतला आत, बाहेरचा बाहेर, आणि बसवले.

वर पडदा बंद झाला.

"उदय," मीनल म्हणाली.

"बघितलं मी."

"म्हणजे काही चुकलं का?"

"शब्बाथ आहे. त्या काही सांगत नाहीयेत. डोळ्यांवर उजेड येत असेल."

आम्ही दोघांनी आकाशाकडे बघितलं. इंग्लंडमध्ये असतं तसं आकाश होतं, ओल्या पायपुसण्याच्या रंगाचं. मी पॅड बाहेर काढले. फिरवून बघितले. एकाच्या मागे एक छोटी पत्र्याची जीभ होती, झिजल्यावर किंचाळून सांगणारी. कालच्या चाकाला ती आतल्या बाजूला होती, आज मी बाहेर लावली होती. अदलाबदल केली.

पडदा उघडला. मावशी पुस्तकात.

संध्याकाळपर्यंत तो पडदा आणखी एकदाच मिटला, नट पिळताना, आणि मी पान्याचा आकडा तपासला तेव्हा उघडला. काम संपलं तेव्हा मी दमलो होतो, कोपरापर्यंत काळा होतो, आणि मीनल माझ्या हातांकडे बघत होती. रुग्णाच्या हातांकडे बघते तसं नव्हे. निराळंच.

"दाखव," ती म्हणाली, आणि तिने माझा सुजलेला अंगठा हळूच वाकवून बघितला. "हलतोय. ठीक आहे." पण अंगठा तिने लगेच सोडला नाही.

रविवारी सहाला मावशी कोट घालून दारात उभ्या. पडद्याबद्दल विचारलं, तर "ऊन येत होतं" म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मी हँडब्रेक सोडायचं बटण दाबणार, तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आधी पेडल दाब. गाडी हलायच्या आधी."

मी दाबलं. पाय सरळ खालपर्यंत गेला. काही लागलंच नाही. जिन्याची एक पायरी नसावी तसा पाय खाली गेला. हे मी उतारावर केलं असतं तर?

"पुन्हा," त्या शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्यांदा थोडं लागलं. तिसऱ्यांदा कडक झालं. पॅड डिस्कपर्यंत पोचले होते. "हे विसरलेला एक पोरगा मला माहीत आहे," एवढंच म्हणाल्या. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

गावाबाहेर गोदामांचा एक लांबलचक रिकामा रस्ता आहे. तिथे त्यांनी मला दहा वेळा तीस मैलांपर्यंत नेऊन हळूहळू पाचवर आणायला लावलं. नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हायला लागते म्हणे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. सिमेंटची गोदामं, धुकं, आणि शेजारी डोळे मिटलेली बाई. देवळातही मी एवढा गप्प बसलेलो नाही.

"सव्वीस वर्षं," त्या मध्येच म्हणाल्या, "रोज चारशे पॅड माझ्या हातातून गेले. त्यातल्या एकालाही पुढे कोणी 'थँक्यू' म्हटलं नसेल. ब्रेक लागला की माणसं पुढे निघून जातात. त्यांना कळतही नाही काय झालं नाही ते. गर्शोन म्हणायचे, हेच तर आपलं काम." मग त्या खाली उतरल्या, काठी टेकत दोन्ही मागच्या चाकांशी गेल्या, आणि हात न लावता, तळवा वीतभर लांब धरून, एकेकाची ऊब घेतली. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

"कुठलं आपण मिळून केलं होतं?"

"उजवं."

"कळत नाही," त्या म्हणाल्या, आणि गाडीत येऊन बसल्या.

मी पंचवीस वर्षं नोकरीत अनेक प्रशस्तिपत्रकं घेतली आहेत, काही फ्रेम केलेलीही आहेत. घरी परतताना मला रस्ता नीट दिसत नव्हता.

दहाला आम्ही कार्डिफला निघालो. मागे तनू, तिचं ब्लँकेट, तांदूळ, कुकर आणि कुंडीतलं एक मोठं झाड. पुढे मीनल. तिने खिडकीच्या वरचं हँडल निघताना उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी धरलं होतं, पुढे एका हाताने. मॉनमथ मागे पडलं, वेल्समधला तो झाडीतला रस्ता लागला. समोर एक छोटी व्हॅन, मागे उघडा ट्रेलर, त्यावर घरसामान बांधलेलं. साठाचा वेग होता. मी कशाकडेही विशेष बघत नव्हतो.

ट्रेलरवरची डबल गादी उठून उभी राहिली. क्षणभर ती वाऱ्यात तशीच उभी होती, पांढरी, प्रचंड, एखादं दार असावं तशी. मग ती आमच्याकडे आली.

मी पाय दाबला. कुरकुरत नव्हे. आयुष्यात एकदाच काय ते बोलावं तसा. सीटबेल्ट आवळले, झाड तनूच्या अंगावर आलं, गाडीने नाक खाली घातलं, आणि मागून दोन हातांनी धरून ठेवावं तसं कशाने तरी आम्हाला धरलं. सरळ. एक इंचही इकडेतिकडे नाही. गादी रस्त्यावर आपटली, एकदा उसळली आणि पडून राहिली. आम्ही थांबलो. बंपर आणि गादी यांच्यामध्ये मागाहून मी स्वतः झोपून पाहिलं असतं तर मावलो नसतो.

वायपर विनाकारण फिरत होते. मागची लॉरीही थांबली होती, लांब, दिवे लुकलुकत.

"बाबा," मागून झाडातून तनूचा मोडक्यातोडक्या मराठीतला आवाज आला. "गाडी थांबला."

"हो," मी म्हणालो.

व्हॅनमधून एक तरुण जोडपं धावत आलं. पोरगी रडत होती, पोरगा दर वाक्याला 'सॉरी' म्हणत होता. पहिलंच घर, पहिलीच गादी. लॉरीवाल्याने दोर दिला. आम्ही सगळ्यांनी मिळून ती गादी ट्रेलरवर चढवली आणि मी गाठी स्वतः तपासल्या, प्रत्येक गाठ ओढून, दोनदा. पोरीने मला विचारलं, "तुम्ही इंजिनियर आहात का?" मी पेन्शनमध्ये आहे म्हणालो.

परत येऊन बसलो. मीनलने हँडलला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. "चला," एवढंच म्हणाली. दहा मिनिटांनी मी वळून बघितलं तर ती झोपली होती. मान खिडकीकडे, तोंड किंचित उघडं. मीनल गाडीत झोपत नाही. माझ्या शेजारी तर लग्नापासून एकदाही झोपलेली नव्हती. ती नेहमी माझ्या वतीने रस्ता बघते.

त्यापुढचे वीस मैल मी असे चालवले की कोणाला कळू नये गाडी चालली आहे. प्रत्येक राउंडअबाउटवर पायाचा नुसता अंगठा टेकवत होतो, आणि मागे ते चार चतकोर काही न बोलता धरत होते. कार्डिफला तनूच्या होस्टेलसमोर गाडी उभी राहिली तेव्हाही ती जागी झाली नाही.

"आपण उतरू या नको," तनू कुजबुजली. "आई झोपला आहे."

"बसू," मी म्हणालो.

आम्ही डबल पिवळ्या रेघांवर होतो, म्हणजे जिथे गाडी उभी केली की दंड. दोन मिनिटांत पार्किंगवाला आला, लाल दाढीचा धिप्पाड माणूस, हातात मशीन. त्याने काचेवर टकटक करायला बोट उचललं. मी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि मीनलकडे खूण केली. त्याने वाकून आत बघितलं. झोपलेली बाई, मागे झाडातून डोकावणारी मुलगी, आणि स्टिअरिंगवर काळी नखं असलेले माझे दोन हात. तो क्षणभर विचारात पडला. मग त्याने मशीन बगलेत धरलं, मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली, दोन्ही हातांची दहा बोटं माझ्यासमोर पसरून धरली, आणि बुटांचा आवाज होऊ न देता पुढच्या गाडीकडे गेला.